मुक्या माराचा मानपान

एका अपघातात दोन माणसं सापडली की आमच्याकडच्या बातमीत त्यांतला एक गंभीर असतो आणि एक किरकोळ. दोघेही गंभीर असले तर वार्ताहराला जागेवर जावं लागतं, आणि दोघेही किरकोळ असले तर बातमी छापूनच येत नाही. त्यामुळे एकेक असणं सगळ्यांच्याच सोयीचं पडतं. मुलचेऱ्याच्या रस्त्यावरच्या अपघाताची बातमी याच सोयीनं आली होती: 'रानडुक्कर आडवे आल्याने दुचाकी घसरली. सुरेंद्र गंभीर, इस्तारी किरकोळ जखमी.'

इस्तारीनं ती जिल्ह्याच्या गावी, सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर उताणं पडून वाचली. तो तलावातले मासे धरून विकणारा माणूस. माल ठोक कसा जातो आणि किरकोळ कसा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण आपण स्वतः किरकोळात निघू, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं पेपर छातीवर ठेवला आणि शेजारच्या खाटेकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवर गंभीर होता. गंभीर नारळपाणी पीत होता.

वार्ताहराला एक गोष्ट ठाऊक नव्हती. किरकोळाच्या पोटात तांब्याभर रक्त साचलं होतं, आणि ते तेवढ्यावर थांबेल की माणूस घेऊन जाईल, हे त्या दिवशी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

सुरेंद्र आणि इस्तारी साडभाऊ. दादाजी आणि गुणाबाई यांच्या दोन मुली. थोरली भागीरथा इस्तारीला दिलेली, धाकटी जया सुरेंद्रला. म्हणजे इस्तारी थोरला जावई, आणि रीतीनं पहिला मान त्याचा. जयाचं लग्न होईपर्यंत तो त्याला मिळालाही, कारण तोवर दुसरा जावईच नव्हता. मग माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवणारा, पक्क्या नोकरीचा सुरेंद्र आला आणि खुर्ची सरकली. ही काही बोलायची रीत म्हणून सांगत नाही. सासऱ्याच्या घरी प्लास्टिकची एक लाल खुर्ची होती, आणि ती सुरेंद्र आला की आतून अंगणात यायची. इस्तारी आला की गुणाबाई म्हणायच्या, "बरं झालं बाप्पा जवाई आले. मोटार पाणी फेकून नाई राह्यली, जरा पाहा बरं." मटण असलं की नळीचं हाड सुरेंद्रच्या ताटात. इस्तारीनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. तो फक्त लक्षात ठेवायचा.

अपघात झाला तो मेव्हण्याच्या, प्रवीणच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी. इस्तारी एसटीनं फाट्यापर्यंत आला होता. जवळ एक मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, त्यात पाणी, पाण्यात जिती मरळ. पाहुण्यांना रस्सा व्हावा म्हणून पहाटे स्वतः जाळं टाकून धरलेली. फाट्यावर त्याला घ्यायला सुरेंद्र मोटारसायकल घेऊन आला. इस्तारी मागं बसला, मांडीवर गंज घेतला आणि पाणी सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला. मग जंगलातून डुक्कर निघालं. गाडी आडवी झाली, सुरेंद्रची मांडी गाडीखाली आली, आणि गंजाचा काठ इस्तारीच्या डाव्या बरगडीखाली असा बसला की क्षणभर त्याला श्वासच घेता येईना.

माणसं धावली. सुरेंद्रच्या मांडीतून हाड बाहेर डोकावत होतं, तेव्हा निम्मी माणसं ते पाहायला थांबली. उरलेली मरळीमागं पळाली, कारण मरळ नालीकडे चालली होती. इस्तारी उठला, कपडे झटकले. रक्ताचा थेंब नाही, ओरखडा नाही. म्हणून त्यानंच सुरेंद्रला खांद्याला धरून काळीपिवळीत चढवलं. चढवताना डाव्या खांद्यात कळ आली. ओझ्यानं असेल, असं त्याला वाटलं.

दवाखान्यात सुरेंद्र असा ओरडत होता की बाहेरचे पानठेलेवाले आत येऊन पाहून गेले. इस्तारी भिंतीला टेकून खाली बसला होता. डॉक्टर दिव्यानी मॅडम सुरेंद्रचा पाय पाहून वळल्या आणि त्यांची नजर त्याच्या कपाळावरच्या घामावर गेली. मॅडम वरोऱ्याच्या, सर्जन, वयानं लहान, आणि प्रश्न एकदाच विचारायची सवय नसलेल्या.

"तुम्हाला कुठे लागलं?"

"मले काई नाई, मॅडम. साडभावाचं पाहा."

हे तो अशा सुरात म्हणाला की समोरच्यानं थोडा आग्रह करावा. मॅडमनी केला. नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली.

"दुखतं कुठे?"

"खांदा दुखून राह्यला डावा. पण खांद्याले लागलं नाई."

"म्हणूनच विचारते," मॅडम म्हणाल्या, आणि खांद्याकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी त्याला आडवं करून पोटावर हात ठेवला. डाव्या बरगडीखाली बोटं जाताच इस्तारी खाटेवरून उचलला गेला. "पोटात रक्त साचलं की ते वरच्या पडद्याला लागतं, आणि त्याची कळ खांद्यात येते. खांदा बिचारा निर्दोष असतो." मग सोनोग्राफीचं यंत्र आलं. पडद्यावर काळ्या पट्ट्या दिसल्या. त्या पट्ट्या म्हणजे रक्त. मग सीटी स्कॅन झाला.

नातेवाइकांना बोलावून मॅडमनी सांगितलं, "यांची पानथरी फाटली आहे."

दादाजींनी कान पुढं केला. "काय फाटलं म्हणता?"

"पानथरी. प्लीहा."

"ते काय असते बाप्पा?"

"तिल्ली, बाबा, तिल्ली," दीपिका सिस्टर मधेच म्हणाली.

"तिल्ली होय!" दादाजींचा जीव भांड्यात पडला. "मी म्हटलं काय झालं न काय नाई. तिल्ली तं मटणवाला वरून फुकट टाकते."

काही जण हसले. इस्तारी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ऐकत होता. साडभावाचं मोडलं ते मांडीचं हाड. माणसाच्या अंगातलं सर्वांत मोठं. आणि आपलं फाटलं काय, तर वरून फुकट टाकायची वस्तू.

आमच्याकडे वरून न दिसणाऱ्या माराला मुका मार म्हणतात. गाडीचं हँडल पोटात गेलं, बैलानं लाथ मारली, झाडावरून पडताना फांदी लागली. कातडी शाबूत आणि आत काय ते आतच. नाव चांगलं आहे, पण त्यात एक खोट आहे. मुक्याचं कोणी ऐकत नाही. शिवाय शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि जयानं तो पहिल्याच दिवशी शोधून काढला.

"भाऊजीले म्हणे मुका मार लागला," नवऱ्याच्या उशाशी बसून ती वॉर्डभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "कोणं देल्ला जी मुका? डुकरानं?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. भागीरथाही हसली. इस्तारीनं तेही लक्षात ठेवलं.

उपचार तर आणखी अपमानाचे होते. सुरेंद्रच्या पायाला वजनं टांगली होती, दोन बाजूंनी दोऱ्या, वर कप्पी. विहिरीवरची व्यवस्था असावी तशी. त्याला रक्त चढलं. त्याचं ऑपरेशन झालं, मांडीत रॉड बसला, आणि वजनं उतरली तरी सुजेसाठी पाय कप्पीला टांगलेलाच राहिला. रक्त द्यायला माजरीहून पोरं आली, आणि रॉड किती लांब आहे यावर बाहेर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. इस्तारीच्या बाजूला काय? मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "रक्त थांबलेलं दिसतंय. बीपी टिकून आहे. पोट उघडायचं नाही."

"मंग काय कराचं?"

"काही नाही. पडून राहायचं."

"अन औषध?"

"हेच औषध. पूर्वी अशी पानथरी सरळ काढून टाकायचे. आता शक्य असेल तर ठेवतात, शरीराला तिचा उपयोग असतो. पण उठायचं नाही, जोर करायचा नाही, संडासलाही खाटेवरच. आणि पोटाला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. आत खपली धरतेय. ती निघाली तर तासाभरात माणूस जाऊ शकतो."

"मॅडम," इस्तारी हळूच म्हणाला, "एखादा टाका तरी घाला."

"कुठे?"

"वरून. दिसाले."

 मॅडमनी दीपिका सिस्टरकडून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'पोटाला हात लावू नये' असं लिहवून खाटेच्या वर टांगायला लावलं. इस्तारीला तेवढंच बरं वाटलं. त्याला मिळालेला तो पहिला मान. अडचण एवढीच, की भेटायला येणारा प्रत्येक जण पाटी वाचायचा, "काऊन बा?" म्हणायचा, आणि काऊन ते कळावं म्हणून पोटाला हात लावून पाहायचा.

भेटायला येणाऱ्यांचं असं, की आजारी माणसापाशी काहीतरी पाहायला हवं. सुरेंद्रपाशी मांडीभर बँडेज होतं, टांगलेला पाय होता, लघवीची पिशवी होती. लोक ते पाहून "अरे बापरे" म्हणायचे आणि मग बसायला जागा शोधायचे. जागा इस्तारीच्या खाटेवर असायची.

"जरा सरका ना भाऊ."

"मले सरकाले मनाई आहे."

"हो का? तुमाले काय झालं?"

"तिल्ली फाटली."

"असं होय. बरं, बरं. तुमी तं चांगले दिसून राह्यले." आणि पायथ्याशी बसून, सुरेंद्रकडे तोंड करून गप्पा. एकानं तर जाताना सांगितलं, "तुमी रिकामेच आहात तं जरा चार चहा सांगा ना, भाऊ." केळी, सफरचंद, बिस्किटं सुरेंद्रच्या कपाटावर चढत गेली. त्यातलं उरलंसुरलं इकडे यायचं, आणि तेही जया आणून द्यायची तेव्हा म्हणायची, "घ्या, यायले इतकं खपत नाई."

दर थोड्या वेळानं दीपिका सिस्टर येऊन इस्तारीचं बीपी घ्यायची, नाडी मोजायची, बोटातून रक्त काढायची. सुरेंद्रचं इतक्यांदा घेत नसत. इस्तारी ते त्याला ऐकू जाईल असं विचारायचा, "सिस्टर, माया जास्त वेळा काऊन घेता?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय मॅडमनं."

"मायावर, न?"

"हो, तुमच्यावर."

सुरेंद्र तिकडं तोंड करून कण्हायचा. कण्हण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हता. इस्तारीनंही सुरुवातीला कण्हून पाहिलं, पण त्याच्या कण्हण्याला टेकू नव्हता. लोक आधी त्याच्याकडे पाहायचे, मग काय मोडलंय ते शोधायचे, ते सापडलं नाही की सुरेंद्रकडे वळायचे.

गुणाबाई रोज यायच्या. डब्यात शिरा असायचा, तो सुरेंद्रला. "हाडाले ताकद पाह्यजे," त्या म्हणायच्या. त्यांची स्वतःची एक ओळख होती. पोट बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. कोणाचं पोट दुखलं, जुलाब लागले, ओझं उचलून कळ आली, की आजूबाजूच्या गावांतून बायामाणसं त्यांच्याकडे यायची. त्या बेंबीवर बोटं ठेवून धडधड कुठं लागते ते पाहायच्या, 'बोंबी सरकली' असं सांगायच्या आणि जवसाचं तेल लावून चोळत चोळत ती जागेवर आणायच्या. साऱ्या इलाख्याची पोटं त्यांनी चोळली होती. थोरल्या जावयाचं पोट तेवढं राहिलं होतं. त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी शिरा देऊन परत निघताना त्या इस्तारीच्या पायथ्याशी थांबल्या. तो डोळे मिटून, ओठ दाबून पडला होता. डाव्या बरगडीखाली पुन्हा काहीतरी ठणकत होतं, पण सांगून उपयोग काय, म्हणून त्यानं सिस्टरलाही सांगितलं नव्हतं.

"काय होते, बापू?" गुणाबाईंनी विचारलं.

बापू. इतक्या वर्षांत त्या त्याला 'जवाई' म्हणायच्या. 'बापू' हा सुरेंद्रचा शब्द होता. इस्तारीनं डोळे उघडले आणि मागं कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"आतल्या आत दुखते, आई."

"वरून काईच नाई ना?"

"नाई."

"मंग बोंबीच सरकली असंन. डॉक्टर लोकायले ते समजत नाई. मी उद्या तेल घेऊन येतो."

इस्तारीला रात्रभर झोप आली नाही. आनंदानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, गुणाबाई आल्या. पदराखाली बाटली, बाटलीत घरून कोमट करून आणलेलं जवसाचं तेल. भागीरथा कपडे धुवायला गेली होती, दीपिका सिस्टर डबा खात होती. गुणाबाई सुरेंद्रच्या खाटेजवळून सरळ पुढं आल्या. शिऱ्याचा डबा त्यांनी नुसता कपाटावर ठेवला, उघडलासुद्धा नाही. मग इस्तारीच्या उशाशी बसल्या. उशाशी, पायथ्याशी नाही.

"शर्ट वर करा, बापू."

डोक्यावर पाटी टांगलेली होती. खपली निघाली तर तासाभरात माणूस जाऊ शकतो, हे मॅडमचं वाक्य इस्तारीला पाठ होतं; ते तो भेटायला येणाऱ्यांना स्वतःच सांगायचा, कारण त्याच्या आजाराबद्दल सांगण्यासारखं तेवढंच होतं. त्याला सगळं कळत होतं. एका बाजूला त्याचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंचे दोन हात. जीव तर जन्मापासून सोबत होता. सासूबाईंचे हात पहिल्यांदाच आले होते. त्यानं शर्ट वर केला.

गुणाबाईंनी तेल तळहातावर घेतलं, चोळलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. इस्तारी मुळात काटकुळा. बोटांखाली धडधड लागली.

"पाहा! पाहा, इथी उडून राह्यली. डावीकडं गेली पुरी." त्यांच्या आवाजात कारागिराचा आनंद होता. "कसं दुखणार नाई! दम धरा, बापू, आता बसवून देतो."

हात गरम होता. वास घरचा होता. इस्तारीनं डोळे मिटले. बोटं डावीकडे, बरगडीच्या दिशेनं सरकायला लागली, अजून हलकीच. जोर नंतर लावायचा असतो.

आणि सुरेंद्रनं ते पाहिलं.

सुरेंद्रचा पाय वर टांगलेला होता, पाठ भाजल्यासारखी झाली होती, आणि कालपासून तो जयाला पाठीला जरा तेल लाव म्हणत होता. जया 'हो हो' म्हणून फोनवर बोलत होती. शिरा समोर होता, पण झाकलेला. आणि पलीकडे सासूबाई, त्याच्या सासूबाई, त्या मासेवाल्याच्या पोटाला कोमट तेल लावत होत्या, त्याला बापू म्हणत होत्या. लाल खुर्चीत बसल्यापासून सुरेंद्रला असा धक्का बसला नव्हता. हाड मोडलं तेव्हाही तो इतका दुखावला नव्हता.

"सिस्टर!" तो ओरडला. "ओ सिस्टर! इथी काय चालू आहे? एकाले तेलमालिश, अन आमी काय माणसं नाई का? दवाखाना आहे का सासरवाडी आहे हे? सिस्टर!"

ऑपरेशनच्या दिवशीही तो इतक्या जोरानं ओरडला नव्हता. दीपिका सिस्टर हातातली पोळी घेऊनच धावत आली. रॉड निसटला असं तिला वाटलं होतं. सुरेंद्रनं बोट दाखवलं. तिनं पाहिलं, आणि पोळी टाकून गुणाबाईंचा हात मनगटाला धरून वर उचलला.

"बाई! काय करून राह्यल्या तुमी? पाटी नाई वाचली?"

"मले कुठी वाचता येते?" गुणाबाई म्हणाल्या. "अन वाचता येनाऱ्यायनं तरी कुठी मानली?"

पाच मिनिटांत मॅडम आल्या. त्यांनी गुणाबाईंवर आवाज चढवला नाही. त्यांनी इस्तारीची नाडी पाहिली, पापणी खाली ओढली, सकाळच्या तपासणीत हिमोग्लोबिन किती आलं ते विचारलं आणि मग इस्तारीला म्हणाल्या, "पुन्हा दुखायला कधीपासून लागलं?"

"कालपासून."

"सिस्टरला का नाही सांगितलं?"

इस्तारीनं शर्ट खाली ओढला. कारण सांगण्यासारखं नव्हतं. काल सिस्टर आली तेव्हा ती आधी सुरेंद्रच्या खाटेकडे गेली होती, एवढंच.

"पोट चोळून घेतलं तर काय होईल ते तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"मग?"

"आईनं पहिल्यांदाच विचारलं, मॅडम."

मॅडमनी स्ट्रेचर मागवलं. दुसरा सीटी स्कॅन उद्या करायचा होता, तो तेव्हाच करायला पाठवला. या वेळी दंडातून रंगाचं औषध देऊन. ते औषध नसांमधून कुठवर जातं ते यंत्रावर दिसतं, आणि जिथं जायला नको तिथं गेलं तर तेही दिसतं. इस्तारीच्या पानथरीत ते नको तिथं गेलं होतं.

स्कॅन पाहून मॅडम बाहेर आल्या आणि सगळ्यांना इस्तारीच्या स्ट्रेचरपाशी बोलावलं. दादाजी, गुणाबाई, भागीरथा, हातात फोन धरलेली जया.

"टायर कापला की त्यातून ट्यूबचा फुगा बाहेर येतो, पाहिलंय?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या रस्त्यांवर ते न पाहिलेला माणूस सापडणार नाही.

"पानथरीच्या आतल्या एका नसेला तसा फुगा आला आहे. मार लागला त्या दिवशी नसेला चीर गेली, आणि रक्ताच्या दाबानं तिथं तो हळूहळू तयार झाला. गाडी तशीही चालते. पण फुगा कधी फुटेल ते सांगता येत नाही. फुटला तर पोटात रक्ताचा पूर येईल, आणि इथून नागपूरला न्यायलाही वेळ मिळणार नाही."

गुणाबाईंचा हात आपोआप पदरात गेला. त्याला अजून तेल होतं. "माया हातानं आला का हो तो फुगा?"

"नाही, बाई. तो तेलानं आला नाही. तो आधीच तिथं होता." मॅडमनी पुढचं वाक्यही म्हटलं, कारण म्हणणं भाग होतं. "पण तुम्ही जोर लावला असता तर फुटला असता."

"अन ती धडधड?"

"ती मोठी नस असते. प्रत्येक बारीक माणसाच्या पोटात लागते. माझ्याही लागेल."

गुणाबाई हात पुसत राहिल्या. आयुष्यभर चोळलेली सगळी पोटं बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती.

"मंग आता कापनार का?" भागीरथानं विचारलं. बोलताना तिनं स्ट्रेचरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि ते पाहून इस्तारीला पोटातल्या फुग्यासकट बरं वाटलं.

"कापायचं नाही. नागपूरला मांडीच्या नसेतून बारीक तार आत घालतात, ती फिरवत फिरवत त्या फुग्यापर्यंत नेतात आणि तिथं स्प्रिंगसारखी वेटोळी सोडून नस बंद करतात. पानथरी वाचते. मी फोन केलाय. गाडी निघतेय."

गाडी निघाली तेव्हा सारा वॉर्ड दारापर्यंत आला. सायरन सुरू झाला. इस्तारीला सलाईन लावलेलं, छातीला तारा, तोंडाला ऑक्सिजन. शेजारच्या खाटेवरचे पाहुणेसुद्धा त्याच्या स्ट्रेचरमागं चालत गेले, आणि एकानं हात जोडून विचारलं, "लय सीरियस आहे का हो?"

"लय," दादाजी म्हणाले. त्यांनी हे ज्या ठसक्यानं सांगितलं, तो ठसका तोवर रॉडच्या लांबीसाठी राखून ठेवलेला होता.

भागीरथा गाडीत बसली. तिच्यामागं गुणाबाई चढल्या. त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं. जयानं विचारलं, "आई, आमच्या यायचं कोण पाहीन?" तर त्या म्हणाल्या, "तू आहेस ना? पाठीले तेल लाव त्याच्या." वॉर्डात सुरेंद्रपाशी एकटी जया उरली. कप्पीला टांगलेल्या पायाकडे पाहत तो म्हणाला, "मले काऊन नाई नेत नागपूरले?"

"तुमचं हाड इथीच जुळते," जया म्हणाली.

नागपुरात सगळं मॅडमनी सांगितलं तसं झालं. दुसऱ्या दिवशी सुरेंद्रचा फोन आला, जयाच्या नंबरवरून.

"कसं आहे, भाऊ?"

"बरं आहे. तार टाकली मांडीतून. बंद केली नस."

"मांडीतून? लागलं तं पोटात होतं."

"आतून आतून रस्ता असते गा. मांडीतून वर पोटात. मी पाहून राह्यलो होतो न."

"काय पाहून राह्यले होते?"

"टीव्हीवर. माया पोटातल्या नसा. झाडाच्या मुळ्यायसारख्या. अन ती तार अशी हळूहळू चढली. फुगा दिसला, मंग त्याच्यात ते वेटोळं सोडलं, अन फुगा गायब. मी जागाच होतो."



"माया पाठीत सुई देल्ली," सुरेंद्र म्हणाला. "अन समोर हिरवं कापड टांगलं. ठोकठोक ऐकू आलं नुसतं. काईच नाई दिसलं मले."

"पाह्यासारखं होतं पण," इस्तारी समजुतीच्या सुरात म्हणाला.

"टाके किती?"

"टाका नाई. भोकच बारीक. जांघेत आहे, दाखवता येत नाई कोणाले." हे सांगताना त्याचा आवाज थोडा उतरला. मग त्याला आठवलं. "पण पाय हलवाले मनाई आहे. आई गुडघा धरून बसली रातभर."

"आई?"

"हो."

"कोणती आई?"

"आपली आई."

यानंतर फोन इतका गप्प झाला की इस्तारीनं तो कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"सुरेंद्र."

"बोला."

"तू काल बोंबलला नसता तं मी गेलो असतो. मॅडमनं सांगतलं."

"मी तुमच्यासाठी नोतो बोंबललो, भाऊ."

"माईत आहे मले."

"मंग ठीक आहे." सुरेंद्रनं घसा साफ केला. "आई परत कधी येऊन राह्यली? शिऱ्याचं नाई म्हणत मी. असंच विचारून राह्यलो."

गुणाबाई खाटेच्या कडेला बसून इस्तारीसाठी मोसंबी सोलत होत्या. एकेक फोड साफ करून, बिया काढून, वाटीत ठेवत होत्या. इस्तारीनं तिकडे पाहिलं.

"विचारून सांगतो," तो फोनमध्ये म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं वाटी पुढं ओढली. विचारलं मात्र नाही.